सत्य तपासणाऱ्यांचा जमाखर्च

५ ऑक्टोबर २००४ रोजी क्लीव्हलंड येथे अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचा जाहीर वाद झाला. हॅलिबर्टन या कंपनीतील आपल्या कारकिर्दीवर होणारे आरोप खोटे आहेत, हे पटवून देण्यासाठी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी प्रेक्षकांना एका तथ्यपडताळणी संस्थेचे संकेतस्थळ पाहावयास सांगितले. मात्र नाव सांगताना त्यांनी 'डॉट ऑर्ग'ऐवजी 'डॉट कॉम' असे शेपूट जोडले. त्या नावाचे स्थळ भलत्याच एका व्यापारी कंपनीचे होते. तिने अंगावर आलेला हा लोंढा जॉर्ज सोरोस यांच्या पानाकडे वळविला आणि चेनींच्या सांगण्यावरून तेथे गेलेल्या लोकांना अध्यक्ष बुश यांना पुन्हा निवडून देऊ नये, असा उपदेश वाचावयास मिळाला.

गंमत एवढ्यावर संपली नाही. ज्या संस्थेचा हवाला चेनी देत होते, तिने लगोलग खुलासा केला की, उपाध्यक्षांनी आमचे नाव तर चुकविलेच, शिवाय आम्ही न काढलेला निष्कर्षही आमच्या पदरी बांधला. सत्तारूढ पक्षाच्या उपाध्यक्षाने कोट्यवधी लोकांसमोर आपली भलावण केली असता तिचा मोह न धरता त्याचेच म्हणणे खोडून काढणे, याला स्वतंत्र बाण्याची साक्ष मानावयास हरकत नाही. पण बाणा कितीही स्वतंत्र असला, तरी दर महिन्याचे पगार, जागेचे भाडे आणि विजेचे बिल कोणाला तरी भरावेच लागते. ते कोण भरतो, हा प्रश्न तथ्यपडताळणीच्या व्यवसायाला जन्मापासून चिकटलेला आहे आणि गेल्या काही वर्षांत तो फार तीव्र झाला आहे.

फॅक्टचेक डॉट ऑर्ग ही ती संस्था. २००३ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग सार्वजनिक धोरण केंद्राने ती सुरू केली. केंद्राच्या संचालिका कॅथलीन हॉल जेमिसन आणि असोसिएटेड प्रेस, वॉल स्ट्रीट जर्नल व सीएनएन येथे काम केलेले पत्रकार ब्रुक्स जॅक्सन ही तिच्या मुळाशी असलेली दोन माणसे. राजकीय पुढाऱ्यांची भाषणे, जाहिराती, मुलाखती यांतील विधाने घ्यावयाची आणि मूळ कागदपत्रांशी व आकडेवारीशी ताडून ती कितपत खरी आहेत ते सांगावयाचे, असे तिचे काम. ती स्वतंत्र नोंदणीकृत संस्था नव्हे, विद्यापीठातील एका केंद्राचा तो एक ना-नफा उपक्रम आहे.

असे काम नफ्यावर का चालू शकत नाही, हे थोडे समजून घेतले पाहिजे. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह दिलेले असते. दीपगृहाचा प्रकाश पैसे देणाऱ्या जहाजाला दाखवावा आणि न देणाऱ्यापासून लपवावा, असे करता येत नाही. म्हणून त्याचा खर्च भरण्यास आपण होऊन कोणी पुढे येत नाही. तथ्यपडताळणी ही याच जातीची वस्तू आहे. अफवा फुकट फिरते. तिचे खंडन मात्र वर्गणी भरणाऱ्यालाच वाचता येईल अशी सोय केली, तर ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज तोच त्याला मुकतो. जाहिरातींवर भिस्त ठेवावी, तर जाहिरात गर्दीच्या मागे जाते आणि गर्दी खंडनाकडे नव्हे, अफवेकडे असते. राहता राहिले दान. दानावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला दात्याचे तोंड पाहावे लागते, हे आपल्याकडील शिक्षणसंस्थांचा अनुभव असणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

फॅक्टचेकचा पहिला दाता म्हणजे ॲनेनबर्ग प्रतिष्ठान. या पैशाचे कूळ शोधीत गेले की मोठी मनोरंजक वंशावळ हाती लागते. मोझेस ॲनेनबर्ग यांनी घोड्यांच्या शर्यतींची माहिती पुरविण्याच्या धंद्यातून अफाट द्रव्य मिळविले आणि प्राप्तिकर बुडविल्याची कबुली देऊन १९४० मध्ये ते तुरुंगात गेले. त्यांचे पुत्र वॉल्टर यांनी वृत्तपत्रे, नियतकालिके व दूरचित्रवाणी यांचे साम्राज्य उभारले. ते रिपब्लिकन पक्षाचे. अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये त्यांना लंडनला राजदूत म्हणून पाठविले. १९८८ मध्ये त्यांनी आपली प्रकाशनसंस्था रूपर्ट मर्डॉक यांना सुमारे ३ अब्ज डॉलरना विकली आणि पुढल्याच वर्षी प्रतिष्ठान स्थापन केले. म्हणजे शर्यतीचे मैदान, करचुकवेगिरी, निक्सन यांची मर्जी आणि मर्डॉक यांची थैली एवढ्या वाटांनी आलेल्या द्रव्यावर अमेरिकेतील सत्यशोधनाची ही मान्यवर संस्था उभी राहिली. गंगोत्रीहून आलेला पैसा जगात कोठेच नसतो.

एवढ्यावरून ही संस्था उजव्यांची बटीक आहे, असा आरोप व्हावयास हवा होता. झाले उलटेच. २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या जन्मदाखल्याविषयी वावड्या उठल्या, तेव्हा फॅक्टचेकच्या माणसांनी मूळ दाखला प्रत्यक्ष हाताळून पाहिला आणि तो खरा असल्याचे सांगितले. तत्काळ विरोधकांनी शोध लावला की, शिकागोच्या शाळांसाठी ॲनेनबर्ग यांच्या देणगीतून चाललेल्या एका योजनेच्या मंडळाचे अध्यक्षपद पूर्वी ओबामांकडे होते. तेव्हा ही संस्था ओबामांचीच! त्याच वर्षी वॉल्टर यांच्या पत्नी लिओनोर यांनी ओबामांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांना जाहीर पाठिंबा दिला होता. त्या रेगन यांच्या कारकिर्दीत राजशिष्टाचार विभागाच्या प्रमुख होत्या. पण पैशाच्या गोत्रावरून निष्कर्षाचे गोत्र ठरविणाऱ्यांना असल्या गोष्टींचे सोयरसुतक नसते. आरोप आधी ठरतो आणि त्याला जुळणारा देणगीदार नंतर सापडतो.

२०१० पर्यंत संस्थेचा खर्च मुख्यत्वे ॲनेनबर्गच्या निधीतून चाले. त्या वर्षी तिने प्रथमच सर्वसामान्यांकडून देणग्या घेण्यास आरंभ केला आणि त्याबरोबर काही नियम जाहीर केले. कामगार संघटना, पक्षीय संघटना आणि विशिष्ट मतांचा प्रचार करणारे गट यांच्याकडून काही घ्यावयाचे नाही. १,००० डॉलर अथवा त्याहून अधिक देणाऱ्या व्यक्तीचे नाव प्रसिद्ध करावयाचे. त्याखालील लहान देणगीदारांची नावे सांगावयाची नाहीत. मात्र वैयक्तिक देणग्यांची एकूण रक्कम, त्यांची संख्या आणि सरासरी प्रसिद्ध करावयाची. हा सर्व हिशेब आर्थिक वर्षागणिक संस्थेच्या पानावर मांडलेला असतो आणि कोणालाही तो वाचता येतो. कंपन्यांकडूनही पैसा घ्यावयाचा नाही, असा नियम आहे. पण त्याला एक अपवाद करण्यात आला, आणि खरी गोष्ट त्या अपवादात आहे.

तो अपवाद फेसबुकचा. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत खोट्या बातम्यांचा जो सुळसुळाट झाला, त्याचा ठपका आल्यावर फेसबुकने त्या वर्षीच्या डिसेंबरात काही तथ्यपडताळणी संस्थांशी सहकार्य सुरू केले. फॅक्टचेक ही त्यांपैकी एक होती. पुढे कंपनी या कामाचा मोबदला देऊ लागली. फेसबुकवर फिरणारा संशयास्पद मजकूर या संस्थांनी तपासावयाचा, खोटा ठरल्यास त्यावर तसा शेरा बसावयाचा आणि त्याचा प्रसार कंपनीने कमी करावयाचा, अशी ही व्यवस्था. फॅक्टचेकने हे उत्पन्न लपविले नाही. रक्कम प्रसिद्ध केली आणि आमच्या निष्कर्षांवर कंपनीचे नियंत्रण नाही, असेही सांगितले. या म्हणण्यावर अविश्वास दाखवावा असे काही घडलेले नाही.

तथापि पैसा निष्कर्षावरच हात ठेवतो असे नाही. त्याचे हात बरेच लांब असतात. राजकीय पुढाऱ्यांची विधाने या योजनेखाली तपासावयाची नाहीत, असे फेसबुकचे धोरण होते आणि २०१९ मध्ये कंपनीने त्याचा जाहीर पुनरुच्चार केला. म्हणजे जी संस्था पुढाऱ्यांची विधाने तपासण्यासाठीच जन्मली, तिला तिच्या एका मोठ्या उत्पन्नासाठी पुढाऱ्यांना सोडून इतरांच्या मागे जावे लागले. ते काम ती आपल्या स्वतःच्या स्थळावर करीत राहिली, हे खरे. पण माणसांचा वेळ मर्यादित असतो आणि ज्या कामाचे पैसे मिळतात त्या कामाकडे तो वाहतो. न्यायाधीशाच्या निकालपत्राला कोणी धक्का लावला नाही. कोणते खटले दाखल करून घ्यावयाचे, त्या यादीतून मात्र एक वर्ग वगळला गेला. हा परिणाम कोणाच्याही बेइमानीशिवाय होतो, म्हणूनच तो अधिक ध्यानात घेण्याजोगा आहे. पतमापन करणाऱ्या संस्थांना रोखे काढणाऱ्या कंपन्यांनीच शुल्क द्यावयाचे, या पद्धतीतून काय निपजले ते २००८ च्या आर्थिक अरिष्टात जगाने पाहिले. त्या संस्थांतील सर्वच माणसे लबाड होती असे नव्हे. गिऱ्हाईक दुखावू नये, एवढी साधी इच्छा पुरेशी होती.

७ जानेवारी २०२५ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी अमेरिकेतील ही योजना बंद करीत असल्याचे जाहीर केले. तथ्यपडताळणी करणारे राजकीयदृष्ट्या फार पक्षपाती आहेत, असे कारण त्यांनी दिले. ज्यांच्या कामाची बिले कंपनीने वर्षानुवर्षे चुकती केली, त्यांचा पक्षपात तिला नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला दोन आठवडे उरले असताना दिसावा, या योगायोगावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. त्या वर्षीच्या एप्रिलात योजना अमेरिकेपुरती संपुष्टात आली. जगभरातील अनेक लहान संस्थांच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा याच एका कंपनीकडून येत होता, त्यामुळे उद्या आपली पाळी, अशी धास्ती सर्वत्र पसरली. ज्यांच्यामागे विद्यापीठ आणि कायम निधी होता त्या तगण्याची शक्यता अधिक. बाकीच्यांच्या माथ्यावर टांगती तलवार आली.

हिशेब उघडे ठेवण्याचा खरा उपयोग काय, हे येथे स्पष्ट होते. देणगीदार कोणत्या पक्षाचा, त्याचा बाप कोण, त्याचा धंदा काय, याची चौकशी करण्यात वाचकाची सारी शक्ती खर्च होते. वस्तुतः उघड्या हिशेबातून सर्वप्रथम पाहावयाचे ते हे की, संस्था किती जणांच्या पैशावर उभी आहे आणि त्यांपैकी एकाने हात आखडता घेतला तर ती उभी राहील की कोसळेल. सज्जन दाता एकच असेल तर तोही धोकादायक. आणि पाच हजार दाते असतील तर त्यांत पन्नास लबाड असले तरी फारसे बिघडत नाही. ज्या संस्थांनी आपला हिशेब उघडा ठेवला होता, त्यांच्या बाबतीत एका कंपनीवरील हे परावलंबन २०२५ च्या कित्येक वर्षे आधी कोणालाही वाचता आले असते. ते वाचावे, असे फारसे कोणाला वाटले नाही.

उघडेपणाची किंमतही चुकवावी लागते. २०२१ मध्ये करोनाच्या लशींविषयीच्या अपप्रचाराची तपासणी करण्यासाठी फॅक्टचेकला रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानचे अनुदान मिळाले. लेखांखाली तसे स्पष्ट छापले जात असे. प्रतिनिधिगृहाचे एक सभासद थॉमस मॅसी यांनी हेच बोट धरले. या प्रतिष्ठानाकडे जॉन्सन अँड जॉन्सन या लस बनविणाऱ्या कंपनीचे प्रचंड भागभांडवल आहे. तेव्हा लशीची भलावण पैसे घेऊन होते, असा त्यांचा रोख होता. भागभांडवलाची गोष्ट खोटी नव्हती. ते प्रतिष्ठानच मुळी त्या कंपनीच्या धुरीणाच्या संपत्तीतून निघालेले. संस्थेने दिलेले उत्तर, म्हणजे निष्कर्षांवर देणगीदाराचे नियंत्रण नाही, हेही खोटे नव्हते. पण असे अनुदान त्याच विषयासाठी घेणे शहाणपणाचे होते काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारता आला तो संस्थेनेच नाव छापले म्हणून. जिने छापले नसते तिच्यावर हा आरोप झालाच नसता. प्रामाणिकपणाला दंड आणि लपवाछपवीला बक्षीस, असा हा उफराटा व्यवहार वाचकांनी ओळखला नाही तर हिशेब उघडे ठेवण्याची उमेद संस्थांना फार काळ राहणार नाही.

या व्यवसायाने आपली शिस्त आपण लावण्याचा प्रयत्न केला आहे, हे नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील पॉइंटर या पत्रकारिता संस्थेने २०१५ मध्ये तथ्यपडताळणी संस्थांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे स्थापिले आणि पुढल्या वर्षी त्याची आचारसंहिता प्रसिद्ध झाली. अर्थसाहाय्याचा उघडेपणा हे तिच्या पाच कलमांपैकी एक. मागील वर्षाच्या उत्पन्नात ज्याचा वाटा ५ टक्के वा अधिक आहे, अशा प्रत्येकाचे नाव सांगितले पाहिजे, असे बंधन त्यात आहे. व्यक्तीच्या देणगीला डॉलरची मर्यादा घालण्यापेक्षा ही टक्क्यांची पट्टी अधिक शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल, कारण परावलंबन रकमेवर नव्हे, प्रमाणावर ठरते. परंतु २०२२ च्या नोव्हेंबरात याच जाळ्याला गूगल व यूट्यूब यांनी १ कोटी ३२ लाख डॉलरचे अनुदान दिले. तपासणाऱ्यांना तपासणारा जो, त्याच्याही ताटात वाढणारे हात तेच!

भारतात या प्रश्नाला आणखी एक टोकदार बाजू आहे. २७ जून २०२२ रोजी 'अल्ट न्यूज' या तथ्यपडताळणी संस्थेचे एक संस्थापक मोहम्मद झुबेर यांना २०१८ च्या एका संदेशावरून दिल्ली पोलिसांनी अटक केली. पुढे परदेशी देणग्यांचा आरोपही जोडण्यात आला. आपण भारतीय खात्यांतूनच पैसे घेतो, असे संस्थेने सांगितले. संस्थेसाठी देणग्या गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपनीने देणगीदारांचा तपशील पोलिसांच्या हवाली केला. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने झुबेर यांना जामीन दिला; परंतु ज्या सामान्य माणसांनी शे-दोनशे रुपये पाठविले होते त्यांची नावे पोलीस ठाण्यात गेली ती गेलीच. पुढच्या वेळी पैसे पाठविताना अशा माणसाचा हात थबकला, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

अमेरिकेत या कोड्याला १९५८ मध्ये तोंड द्यावे लागले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेने आपल्या सभासदांची यादी द्यावी, अशी अलाबामा राज्याची मागणी होती. ती यादी हाती पडली तर त्यांच्या नोकऱ्या जातील, घरे जळतील, हे सर्वांना ठाऊक होते. सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने ती मागणी फेटाळली. म्हणजे 'सर्व नावे जाहीर करा' ही घोषणा नेहमीच लोकशाहीची असते, असे समजण्याचे कारण नाही. ती कोण करतो आणि कोणाविरुद्ध करतो, हे पाहावे लागते. ज्याची देणगी संस्थेला वाकवू शकते, त्याचे नाव वाचकाला कळलेच पाहिजे. ज्याची देणगी वाकवू शकत नाही, त्याचे नाव ना वाचकाला हवे ना पोलिसाला. फॅक्टचेकच्या नियमातील शहाणपण हे आहे की, मोठ्याला उजेडात आणून लहानाला तो सावलीत ठेवतो आणि तरीही लहानांची बेरीज दाखवितो.

आपल्याकडे नेमके उलटे चालले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवीपर्यंत पक्षांना कोट्यवधी रुपये देणाऱ्या कंपन्यांची नावे मतदारांपासून कायद्यानेच दडलेली होती.

मग खर्च सरकारनेच करावा, असाही एक मार्ग सुचविला जातो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून सरकारी कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा, हे ठरविणारा आपलाच विभाग नेमण्याचा अधिकार घेतला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबरात तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी तिच्यात एक मूलभूत दोष होता. ज्याच्याविषयीची विधाने तपासावयाची, तोच एकमेव दाता आणि तोच एकमेव न्यायाधीश. फेसबुकच्या पैशात निदान इतकी एकाग्रता नव्हती.

तेव्हा राहतो तो वाचकांच्या लहान लहान वर्गणीचा आणि उघड्या वहीचा मार्ग. यातील वहीचा भाग तरी कायद्याला अगदीच अपरिचित नाही. वृत्तपत्रांच्या नोंदणीच्या १९५६ च्या नियमांखाली वृत्तपत्रे वर्षातून एकदा चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात आपले मालक आणि एक टक्क्याहून अधिक भाग धारण करणारे यांची नावे छापीत आली. जुन्या वाचकांना ती कोपऱ्यातली रुक्ष चौकट आठवत असेल. मालक कोण, एवढे तिच्यातून कळे. उत्पन्न कोणाकडून येते, सरकारी जाहिराती किती, हे कळत नसे. तथ्यपडताळणी संस्थांकडे बोट दाखविणाऱ्या वृत्तपत्रांनी आपला हा रकाना आधी भरला असता तर बरे झाले असते.

आपल्याकडील अशा संस्था बहुधा न्यास म्हणून अथवा कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली नोंदलेल्या असतात. न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर होतात. कंपनीचा ताळेबंद सरकारी संकेतस्थळावर १०० रुपये शुल्क भरले की पाहता येतो. त्यात 'देणग्या' या सदराखाली बहुधा एकच एकत्रित आकडा असतो. ती रक्कम किती जणांनी दिली आणि त्यांतील सर्वांत मोठ्याचा वाटा किती, हे सांगण्याचे बंधन त्या ताळेबंदावर नाही. संस्थेला ते आपण होऊन एका ओळीत लिहिता येईल. त्यासाठी ना कायद्याची दुरुस्ती लागते ना एकाही लहान देणगीदाराचे नाव.